सुकडीचं लग्न

माझं नाव श्रीमंत. नावावर जाऊ नका. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर. मला राग पटकन येतो आणि आला की मुक्कामाला राहतो, असं आमच्या घरात बोललं जातं. हे सांगताना तो आवरायचा, असं ठरवून बसलोय. जमेल तेवढं जमेल.

गोष्ट माझ्या धाकट्या बहिणीची, सिंधुची. तिचा नवरा रामकिशन कॅनडात वेल्डर आहे. तिनं मुलीला घेऊन त्याच्याकडे जावं, एवढीच सगळ्यांची इच्छा होती. त्यात कुणाचं काही जाणार नव्हतं. सिंधुला नवरा हवा होता, रामकिशनला बायको हवी होती आणि सहा-सात वर्षांच्या गौतमीला बाप हवा होता. तो तिला फक्त टेपच्या कॅसेटीतून माहीत होता. तो शहात्तर साली गेला तेव्हा ही पाळण्यात होती. अडलं ते एकाच प्रश्नावर. यांचं लग्न झालंय का?

आमच्या गावात कुणी असं विचारलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. गावातला धडधाकट म्हणावा असा एक माणूस त्या लग्नाला गैरहजर नव्हता, कारण त्या दिवशी सगळं गाव एकाच ठिकाणी होतं.

लग्न लागलं बहात्तरच्या दुष्काळात. औशाजवळ आमचं गाव. त्या उन्हाळ्यात विहिरींच्या तळाला भेगा पडल्या होत्या आणि पाटलापासून आमच्यापर्यंत सगळे पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होते. रामकिशन नायगावकडचा, नांदेडला आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकलेला. पण शिकून हाताला काम नाही, म्हणून आमच्या गावच्या त्याच्या मावशीकडे येऊन तोही घमेली उचलत होता. सिंधु त्याच्या पुढच्या रांगेत. कसं जमलं ते मी विचारलं नाही. एक दिवस रामकिशनची मावशी आमच्या वडलांजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "दगडोबा भाऊ, आता ह्यांचं लावून टाका. घमेलं देता-घेता लई उशीर लावायलेत दोघं." बा हसला. सोयरीक ठरली.

माझ्या बाबद्दल आधी सांगायला हवं. छप्पन साली तो चालत, बैलगाडीनं, मिळेल त्या गाडीनं नागपूरला गेला आणि दीक्षा घेऊन आला. आल्या दिवशी घरातले देव टोपल्यात भरले आणि तेरणा नदीत सोडले. माय केवळाबाई आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. मग तिनंही पंचशील पाठ केलं. तेव्हापासून औसा, निलंगा भागात आमच्या माणसांतलं लग्न असलं की लावायला दगडोबा. शाळेचं तोंड न बघितलेला माणूस, पण त्रिशरण म्हणायला लागला की लहान लेकरू रडायचं थांबायचं. लग्न लावण्याची त्याची रीत ठरलेली. हळद नाही, अक्षता नाहीत, होम नाही, फेरे नाहीत. टेबलावर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, नवरा-नवरीच्या अंगावर पांढरे कपडे, सर्वांनी मिळून त्रिशरण-पंचशील, मग दोघांनी एकमेकांना वचन द्यायचं, हार घालायचे आणि लोकांनी फुलं टाकायची. शेवटी बा म्हणायचा, "आजपासून तुम्ही नवरा-बायको झालात," आणि लोक म्हणायचे, "साधु, साधु, साधु." झालं लग्न. एखाद्या म्हातारीनं पदराआडून मूठभर तांदूळ आणलेच तर बा ते मागून घ्यायचा आणि म्हणायचा, "भात करून घाल पोरांना."

सिंधुचंही असंच लागलं, कामाला सुट्टी होती त्या दिवशी, तलावाच्या खोदलेल्या तळात. मुकादमाचं टेबल आणलं. फुलं पळसाची, कारण त्या साली दुसरं काही फुललंच नव्हतं. पांढरं लुगडं रामकिशनच्या मावशीचं. आणि जेवण काय? सरकारी सुकडी. भाजलेल्या पिठा-गुळाची, कामावरच्या माणसांना वाटायची असायची ती. वाटणाऱ्या बाईनं त्या दिवशी हात सैल सोडला आणि पाटलाच्या घरच्यांनीही आमच्या पंगतीला बसून ओंजळीत घेऊन ती खाल्ली. दुष्काळानं तेवढं एक चांगलं काम केलं. पुढं कितीतरी दिवस गाव त्याला सुकडीचं लग्न म्हणायचं.

फोटो नाही. पत्रिका नाही. फोटोवाला बोलवायचा तर त्याला पाणी कुठलं पाजायचं, हा प्रश्न होता. आणि पुढच्या वर्षी पाऊस पडला तेव्हा ती जागाच पाण्याखाली गेली.

सिंधु नायगावला सासरी नांदली. तिला तिथं सुखच होतं. रामकिशन आधी मुंबईला कारखान्यात लागला, मग कुणाच्या तरी ओळखीनं अर्ज करून कॅनडाला गेला. वेल्डर त्यांना हवेच होते. बायकोला नंतर बोलवू म्हणाला आणि खरंच, पाय रोवल्यावर त्यानं तिच्यासाठी अर्ज केला. ब्याऐंशीच्या सुरुवातीला सिंधुला दिल्लीला कॅनडाच्या वकिलातीत मुलाखतीचं बोलावणं आलं.

मी तिला घेऊन गेलो. नांदेडहून मनमाड, मनमाडहून दिल्ली. तिनं पांढरीच साडी नेसली होती, बारीक निळ्या काठाची. गाडीत ती मला पुनःपुन्हा सांगत होती, "दादा, बा म्हणलाय, जे झालं ते जसंच्या तसं सांगायचं. आपल्यात लपवण्यासारखं काय बी न्हाई." मीही मान डोलावत होतो. लपवण्यासारखं खरंच काही नव्हतं.

आत तिला एकटीलाच सोडलं. ती बाहेर आली ती ताठ मानेनं. मी विचारलं, काय काय झालं?

"साहेब गोरा व्हता. पर दुभाषी बाई आपलीच, मराठी. कपाळाला ठसठशीत कुंकू. लगीन कसं झालं विचारलं. मी समदं सांगितलं, सुकडी बी सांगितली. मग ती बाई म्हणली, होम झाला असंल ना? मी म्हणलं, न्हाई. म्हणली, फेरे तरी झाले असतील, नीट आठवा. मी म्हणलं, आठवायचं काय त्यात, एक बी न्हाई. तरी ती सोडंना. अहो ताई, लग्न म्हणलं की सप्तपदी असतेच, तुम्ही घाबरल्यात, पाणी प्या अन् मग सांगा, म्हणली." सिंधु हसली. "मला लई राग आला, दादा. म्हणलं, बाई, तुमच्यात असतील फेरे. आमच्या बानं देव नदीत सोडले. आमच्यात आगीभवती कुणी फिरत न्हाई."

"मग?"

"मग ती गप बसली. साहेबाला काय सांगायचं ते सांगितलं. मंगळसूत्र कवा बांधलं विचारलं. मी म्हणलं, हे व्हय, हे सासूनं मागून बाजारातून आणून घातलं, लग्नात न्हवतं."

मला तिचं कौतुक वाटलं. परदेशी साहेबासमोर, दिल्लीत, माझी चौथी शिकलेली बहीण बाचं नाव राखून आली होती. आम्ही स्टेशनावर छोले खाल्ले. तिनं गौतमीसाठी एक पितळी घंटी घेतली, तिकडे बर्फात सायकलला लावायला म्हणून.

उत्तर आलं जूनमध्ये. इंग्रजी पत्र मी शब्दकोश घेऊन वाचलं, मग हेडमास्तरांकडून वाचून घेतलं, दोन्ही वेळा अर्थ तोच निघाला. नवऱ्यानं अर्जात लिहिलं होतं की विवाह हिंदू पद्धतीनं, पवित्र अग्नीभोवती सात फेरे घेऊन झाला. बायको म्हणते, अग्नी नव्हता आणि फेरेही नव्हते. दोघांच्या सांगण्यात मेळ नाही. शिवाय बायको सांगते तसला विधी भारताच्या कायद्यानं विवाह ठरतो, असं दिसत नाही. सबब अर्ज नामंजूर.

रामकिशनला मी जळजळीत पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं ते कॅसेटवर, कारण लिहायला त्याचा हात चालत नव्हता म्हणे. "गुरुजी, इथं अर्ज भरून देणारा जो माणूस व्हता, तो पंजाबी. त्यानं विचारलं, फेरे कितने? मी म्हणलं, आमच्यात नसतेत. तो म्हणला, भाई, ह्या लोकांना हिंदुस्थानी लग्न म्हणलं की तेवढंच ठाऊक हाय. न्हाई लिवलं तर ते बुचकळ्यात पडतील अन् कागद बाजूला टाकतील. लिव सात. मी म्हणलं, लिव. माझ्यामागं रांग व्हती. मला वाटलं, सिंधुला कोण विचारायलंय." मग बराच वेळ नुसती टेपची खरखर. मग, "गौतमी, बेटा, अभ्यास करायलीस ना?"

ती दुभाषी बाई. तिच्या पुढ्यात रामकिशनचा अर्ज होता. ती माझ्या बहिणीला अपमान करायला विचारत नव्हती, वाचवायला विचारत होती. पाणी प्या आणि मग सांगा. आणि सिंधुला वाटलं, आपल्या धर्माला हिणवतेय. तिला दुसरं काय वाटणार? जन्मभर कपाळाला कुंकू लावलेल्या बायकांनी अशा प्रश्नांतून तिला हिणवलंच तर होतं. मला राग कुणावर काढावा ते कळेना, म्हणून मी हेडमास्तरांशी भांडलो.

आम्ही लातूरला वकिलाकडे गेलो. शिवमूर्ती वकील, लिंगायत, माणूस सज्जन. बा, सिंधु आणि मी त्यांच्या बाकावर ओळीनं बसलो. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला.

"हे बघा गुरुजी, ते लोक म्हणतात, जिथं लग्न झालं तिथल्या कायद्यानं ते खरं असलं की आम्हाला मान्य. आता आपला कायदा काय म्हणतो? सप्तपदी पाहिजे, न्हाईतर तुमच्या जातीजमातीची चालत आलेली रूढी पाहिजे."

"रूढी हायच की," बा म्हणाला. "मी आजवर लई लग्नं लावली. समदी अशीच."

"आमच्यात तरी फेरे कुठं असतात, आबा? पण आमचं जुनं हाय. जुनं असलं की कायदा हात लावत न्हाई. तुमचं नवं पडतं."

"किती जुनं लागतं?"

वकील जरा चाचरले. "म्हणजे कसं, त्याची सुरुवात कुणाच्या आठवणीत नसावी. इतकं."

बा म्हणाला, "आमची सुरुवात तर माझ्याच आठवणीत हाय. मी हजर व्हतो तिथं."

वकिलांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. खाली रस्त्यावर कढईत भजी तळल्याचा आवाज येत होता.

"दीक्षेच्या आधी तुमच्यात कसं लावायचे, त्या रीतीनं झालं असतं तर भागलं असतं," वकील हळूच म्हणाले.

"ती सोडायसाठीच गेलतो नागपूरला," बा म्हणाला.

मी विचारलं, आता पुन्हा लग्न लावून नोंदणी केली तर? वकिलांनी तेही समजावलं. रामकिशननं तिकडे स्वतः जाताना लिहून दिलंय की मी विवाहित आहे. आज पुन्हा लग्न लावलं तर आधीचं नव्हतं असं आपणच कबूल केलं. मग त्याचं तिथलं राहणं धोक्यात. आणि ही मुलगी, त्यांनी गौतमीचं नाव कागदावर शोधलं, ही मुलगी मग लग्नाआधीची ठरते.

सिंधु म्हणाली, "म्हंजी खरं सांगितलं तर लगीन न्हाई. अन् नवं केलं तर लेकरू लग्नाचं न्हाई."

"तसंच काहीसं," वकील म्हणाले. त्यांनाही ते बोलताना बरं वाटत नव्हतं.

एकच वाट उरली होती आणि ती त्यांनी फार अवघडून सांगितली. लग्न ज्यानं लावलं त्यानं प्रतिज्ञापत्र करायचं की बौद्ध पद्धतीसोबत अग्नी आणि सप्तपदीही झाली होती. बायको मुलाखतीत घाबरली, म्हणून तिला नीट सांगता आलं नाही. नवऱ्याचं म्हणणं आणि हे प्रतिज्ञापत्र जुळेल. मग कदाचित होईल.

आम्ही एसटीनं घरी आलो. पुढे कितीतरी दिवस बानं तो विषयच टाळला. माय एकदा म्हणाली, "लेकीसाठी करा की एवढं." बा म्हणाला, "एवढं?" आणि उठून गेला. सिंधुनं त्याला काहीच म्हटलं नाही, आणि त्याला तेच जास्त लागत असावं. ती तेव्हा आमच्याकडेच येऊन राहिली होती. नायगावात लोक कुजबुजायला लागले होते की हिचं लग्नच झालेलं नाही असं सरकारनं कळवलंय. सासू बिचारी भांडायची लोकांशी, पण किती जणांशी भांडणार.

त्याच ऑगस्टमध्ये लातूर जिल्हा झाला. इतकी वर्षं आम्ही उस्मानाबादचे होतो, एका दिवसात लातूरचे झालो. गुलाल उधळला, बँड वाजला, शाळेत पेढे वाटले आणि मी पोरांकडून फळ्यावर नव्या जिल्ह्याचं नाव लिहून घेतलं. कशाचाही होम नाही, फेरे नाहीत, कुणाच्या आठवणीपलीकडचं तर मुळीच नाही. अगदी ताजा, रंग न वाळलेला जिल्हा. तरी पोस्टानं मानला, बँकेनं मानला, दिल्लीनं मानला. एकाही साहेबानं विचारलं नाही की बाबांनो, ह्या जिल्ह्याची रूढी किती जुनी. मी त्या दिवशी माझ्या वाट्याचा पेढा पोरांना देऊन टाकला.

पोळ्याच्या सुमाराला एका सकाळी बा धुतलेलं धोतर नेसून माझ्या शाळेच्या दारात उभा राहिला. "चल लातूरला," म्हणाला.

नव्या जिल्ह्याच्या कचेरीत सगळंच नवं होतं. पाट्यांना रंगाचा वास, टेबलं अजून भिंतीला टेकवलेली. शिवमूर्ती वकिलांनी मजकूर टाइप करून आणला होता. त्यांनी तो मराठीत वाचून दाखवला. सर्वांसमक्ष अग्नी प्रज्वलित करून वधूवरांनी त्याभोवती सात प्रदक्षिणा घातल्या.

"आग कशाची लिवलीय?" बानं विचारलं.

"लाकडाची, आबा. समिधा म्हणून लिहिलंय."

"त्या साली लाकूड कुठलं? झाडाच्या साली सुदिक जनावरांनी खाल्ल्या व्हत्या. गोवऱ्या लिवा."

"तेवढं कोण बघतं आबा..."

"लिवा गोवऱ्या. अन् तुपाचं काय लिवलंय? तूप डोळ्यानं दिसत न्हवतं. गोडंतेल लिवा. लबाडी करायचीच तर नीट करावी माणसानं."

वकिलांनी मुकाट्यानं पेन काढून दुरुस्त्या केल्या. मी खिडकीबाहेर बघत होतो. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, दोन्ही धरून ठेवायला जड जात होतं.

कचेरीतल्या साहेबानं विचारलं, देवाची शपथ घेणार का? बा म्हणाला, "मी देव मानत न्हाई. सत्य प्रतिज्ञा घेतो." आणि त्यानं ती घेतली. सत्य प्रतिज्ञेवर सांगतो की. छप्पन साली ज्या तोंडानं बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्याच तोंडानं. मग त्याचा अंगठा घेतला. शाई पुसायला कुणीतरी फडकं दिलं, ते त्यानं घेतलं नाही. गावी येईपर्यंत तो अंगठा त्यानं तसाच बाजूला धरला होता.

घरी सिंधु दारात उभी होती. बा तिला म्हणाला, "तुझे सात फेरे झाले बाई. आता जा." ती त्याच्या पाया पडायला वाकली. एरवी तो पाया पडू द्यायचा नाही. त्या दिवशी त्यानं अडवलंही नाही.

आम्ही सगळे वाट बघायला लागलो. गौतमी घंटी वाजवत घरभर फिरायची. सिंधुनं लोकरीचे दोन स्वेटर विणले, एक मोठा, एक लहान, एका मास्तरीणबाईकडून शिकून. कॅसेट आली की रामकिशन तिकडच्या बर्फाचं सांगायचा, भाड्यानं खोली कुठली बघितली ते सांगायचा, शाळा कशी घराजवळच आहे ते सांगायचा. ऐकताना मलासुद्धा ती शाळा दिसायला लागली होती.

जानेवारीत दुसरं पत्र आलं. ह्या वेळी हेडमास्तरांकडे जावं लागलं नाही, तेवढं इंग्रजी मला आता येत होतं. लग्न लावणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र अर्जदार पत्नीच्या स्वतःच्या स्पष्ट आणि पुनःपुन्हा दिलेल्या जबाबाच्या विरोधात आहे. पत्नीला प्रत्येक वेळी विचार करून उत्तर द्यायची संधी दिली होती. तिच्या जबाबावर अविश्वास दाखवायचं कारण नाही. प्रतिज्ञापत्र मागाहून रचलेलं दिसतं. दिशाभूल करण्याचा हा प्रयत्न पतीच्या नोंदीतही घेतला जाईल.

तिच्या जबाबावर त्यांचा विश्वास होता, हे मी तिला दोनदा वाचून दाखवलं. आमच्या घरातल्या एका माणसाला त्यांनी खरं मानलं होतं. ती खरं बोलली होती आणि म्हणूनच तिचं लग्न झालेलं नव्हतं.

शिवमूर्ती वकील म्हणाले, आता काही दिवस थांबा. किती, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. रामकिशन कॅसेटवर म्हणाला, मी सगळं सोडून परत येतो. पुढच्या कॅसेटवर म्हणाला, इथला वकील म्हणतोय, आत्ता बाहेर पडलास तर पुन्हा आत घेणार नाहीत, अजून थोडं थांबून बघतो. त्याच्या पुढची कॅसेट उशिरा आली. तीत तो फारसं बोललाच नव्हता. सिंधु ती रोज लावायची.

एक दिवस मला म्हणाली, "दादा, त्या बाईनं पाणी पुढं केलं व्हतं. मी पाणी प्याले असते अन् सात म्हणले असते, तर?"

तू बरोबर केलंस असं म्हणावं तर समोर गौतमी बसलेली. तू चुकलीस असं म्हणायला माझी जीभ वळली नसती. मी म्हणालो, चहा टाक.

बाला पत्रातलं सगळं आम्ही सांगितलं नाही. नामंजूर झालं एवढंच सांगितलं. त्यानं विचारलं, "माझ्या अंगठ्यानं काय झालं न्हाई?" मी म्हणालो, न्हाई. त्यानं मान हलवली. त्या हंगामात लग्न लावायला बोलवायला माणसं आली की तो अंग दुखतंय म्हणायचा. निलंग्याची माणसं दोनदा रिकाम्या हातानं परत गेली.

फाल्गुनात मात्र सुटका नव्हती. आमच्याच गल्लीतल्या ग्यानोबाच्या मुलीचं लग्न, आणि ग्यानोबा म्हणजे नागपूरला बासोबत गेलेला माणूस. त्याला नाही म्हणता येईना. मांडव तलावाच्या बांधाखाली घातला होता. टेबलावर फोटो, पांढरे कपडे, सगळं नेहमीसारखं. गौतमी फुलांचं ताट घेऊन पुढं उभी. सिंधु बायकांत, पदर डोक्यावर घेऊन.

बानं त्रिशरण म्हटलं. आवाज तसाच होता, लेकरं तशीच गप्प झाली. पंचशील झालं. मुलामुलीनं वचनं दिली, हार घातले. आता शेवटचं एक वाक्य. लोक फुलं मुठीत धरून थांबले.

"आजपासून तुम्ही," बा म्हणाला आणि थांबला. लोकांना वाटलं, ठसका लागला. ग्यानोबानं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यानं हातानं बाजूला सारला. त्यानं नवऱ्या मुलाकडे बघितलं. "पोरा, तू कामाला कुठं असतोस?"

"लातूरला, आबा. एमआयडीसीत."

"लांब कुठं जाणार न्हाईस ना? देश सोडून?"

पोरगं गोंधळलं. "न्हाई, आबा."

लोक हसले. म्हाताऱ्याची गंमत चाललीय असं त्यांना वाटलं. बा हसला नाही. त्यानं दोघांच्या डोक्यावर हात ठेवला, प्रतिज्ञापत्रावर उठवलेला तो अंगठा मात्र मुडपून धरलेला.

"आजपासून," तो म्हणाला, "ह्या गावच्या शिवेपर्यंत, तुम्ही नवरा-बायको झालात."

मग सवयीनं सगळे म्हणाले, "साधु, साधु, साधु," आणि फुलं पडायला लागली. गौतमीनं आपल्या ताटातली सगळी फुलं एकदम उधळली. मी बायकांकडे बघितलं. सिंधुची मूठ तशीच मिटलेली होती.